पहिला शोधनिबंध छापण्याआधी: विदर्भातल्या तालुक्या-खेड्यांतील नव्या संशोधकांसाठी

एम.ए. झालं, सेट निघाली, सीएचबीवर (घड्याळी तासांच्या मानधनावर) तासिका मिळाल्या, पीएच.डी.ची नोंदणी झाली, की आपल्याकडच्या कॉलेजात एक प्रश्न हमखास येतो: "पेपर किती झाले?" विचारणारे पुष्कळ असतात. पण पेपर कसा करायचा, कुठे पाठवायचा, काय चालतं आणि काय चालत नाही हे शेजारी बसून सांगणारं माणूस मिळेलच असं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. संशोधक माझ्याकडे येतात ते साम्य-तपासणीच्या (मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो याच्या) अहवालासाठी, म्हणजे निबंध पूर्ण लिहून झाल्यावर. तोवर काही गोष्टी दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या असतात. म्हणून हा लेख एकही मुलाखत घेतलेली नसते तिथपासून सुरू होतो.

त्याआधी डोक्यावरचं एक ओझं उतरवून ठेवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत, प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो. तेव्हा अमरावती, नागपूर की गोंडवाना, जे तुमचं असेल तिथल्या पीएच.डी. कक्षाकडून लेखी माहिती घ्या. ऐकीव माहितीवर घाईने पैसे भरणारे फार आहेत.

पहिली पायरी: गावात पाऊल ठेवण्याआधी

आपल्या भागातले विषय पाहा: शेतकरी आत्महत्या झालेली कुटुंबं, मेळघाटातलं कुपोषण, सिकलसेल, फवारणीतली विषबाधा, कोलामांचे पोड (वस्त्या), माडियांच्या चालीरीती. यातला प्रत्येक विषय म्हणजे कोणाचं तरी घर आहे. प्रकाशनाची नीती म्हटलं की लोकांना फक्त कॉपी-पेस्ट आठवतं. माझ्या मते मात्र सगळ्यात मोठी जबाबदारी इथे, लोकांच्या अंगणात सुरू होते.

माणसांवरचं संशोधन असेल तर नैतिकता समितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी माहिती गोळा करण्यापूर्वी घ्यावी लागते. मुलाखती झाल्यावर मागची तारीख टाकून घेतलेलं पत्र हे खोटं कागदपत्र आहे, आणि चांगलं जर्नल मंजुरीचा क्रमांक व तारीख दोन्ही मागतं. आपल्या कला-वाणिज्य कॉलेजांत अशी समिती बहुतेक नसतेच. त्यावर उपाय आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ज्या संस्थेकडे स्वतःची समिती नाही ती दुसऱ्या संस्थेशी करार करून तिची समिती वापरू शकते. ही तत्त्वं आरोग्य संशोधनासाठी आहेत, तरी समाजशास्त्र, गृहविज्ञान, अर्थशास्त्र यांतल्या मुलाखतींनाही ती वाट दाखवतात. प्राचार्यांमार्फत विद्यापीठाला पत्र लिहा आणि वेळ हाताशी ठेवा.

संमतीचा कागद मराठीत हवाच, पण वाचून दाखवणंही तेवढंच महत्त्वाचं आहे. फॉर्म घेऊन आलेला माणूस सरकारचा असतो आणि त्याला नाही म्हटलं तर घरकुल किंवा कर्जमाफीच्या यादीतून नाव जाईल, अशी भीती गावात असते. ती भीती बोलून काढावी लागते. साध्या भाषेत सांगा: "माय, मी कॉलेजातून आलो. तुम्ही जे सांगसान ते मी लिहून घेईन. तुमचं नाव कोठीच येनार नाही. सांगाचं नसन तं नका सांगू. याच्यानं तुमच्या पैशात, कामात काही फरक पडत नाही." लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना लिहिता-वाचता येणारा एक तटस्थ साक्षीदार लागतो. तो तुमचा मित्र किंवा सहकारी नको. आदिवासी गावात ग्रामसभेची परवानगी घ्या, पण तिच्यामुळे प्रत्येक व्यक्तीची वेगळी संमती माफ होत नाही. आश्रमशाळेतल्या मुलांच्या बाबतीतही तेच. मुख्याध्यापकांची सही पालकांच्या संमतीची जागा घेत नाही, आणि मुलाचंही मन विचारावं लागतं.

मुलाखतीत एखादी बाई रडायला लागली तर वही मिटा. अर्धवट प्रश्नावली घेऊन परत आलात तरी चालेल.

दुसरी पायरी: माहिती लिहून ठेवताना

घरी बसून फॉर्म भरण्याची गोष्ट स्पष्टच बोलते, कारण ती घडते. शंभर प्रश्नावल्यांवर एकच पेन, एकच अक्षर, सगळ्यांची वयं ३०, ३५, ४०, ४५. असा गठ्ठा पाहिला की जाणकाराला लगेच कळतं. संशोधनात याला बनावट माहिती म्हणतात आणि यापेक्षा मोठा गुन्हा या क्षेत्रात नाही. ६० जणच भेटले तर ६० लिहा आणि का भेटले नाहीत तेही लिहा. कापूस वेचणीच्या दिवसांत गेलो, माणसं वावरात होती, हे पद्धतीच्या भागात लिहिण्यात काही कमीपणा नाही.

नावं एका वहीत आणि उत्तरं दुसऱ्या वहीत ठेवा, दोघांत फक्त क्रमांकाचा दुवा असू द्या. मूळ प्रश्नावल्या प्रबंध मान्य झाल्यावरही काही वर्षं जपा. संपादक त्या मागू शकतो.

आता नुसतं नाव काढल्याने माणूस लपत नाही, हे एका नमुन्यावर पाहा. समजा तुम्ही लिहिलं: "अमुक गावातील ३४ वर्षांची, दोन मुली असलेली, २०१९ मध्ये पतीने आत्महत्या केलेली, अंगणवाडीत मदतनीस असलेली महिला म्हणाली की सासरच्यांनी मदतीचे पैसे काढून घेतले." नाव नाही, पण हजार वस्तीच्या गावात ही बाई कोण हे सांगायला कोणाला किती वेळ लागेल? आणि ती त्याच सासरी राहते. म्हणून गाव काढा, तालुकाही काढा, वय "तिशीतली" करा, नोकरीचा उल्लेख विश्लेषणाला लागत नसेल तर तोही वगळा. फोटो तर संमतीशिवाय नाहीच. डोळ्यांवर काळी पट्टी लावली तरी लुगडं, दार आणि तुळशीवृंदावन गाव ओळखतं.

याच्या उलट बाजूही ध्यानात ठेवा. वनौषधींची माहिती देणाऱ्या वैदूला किंवा जंगलातल्या कंदांची नावं सांगणाऱ्या आजीला आपलं नाव छापून यावं असं वाटू शकतं. ते ज्ञान त्यांचं आहे. त्यांना विचारा, आणि हो म्हणाले तर नावानिशी श्रेय द्या. वनस्पतींचे नमुने किंवा पारंपरिक ज्ञान घेताना २००२ चा जैवविविधता कायदाही लागू होऊ शकतो. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशी बोला. राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय नागपुरातच आहे.

तिसरी पायरी: लेखक कोण, हे लिहिण्याआधी ठरवा

सगळ्यात जास्त मनं इथे दुखावतात. विभागप्रमुखांचं नाव टाकायचं, कारण ते विभागप्रमुख आहेत. संस्थेच्या सचिवांचं टाकायचं, कारण सीएचबीची ऑर्डर दरवर्षी निघायची असते. मित्राचं टाकायचं, कारण तो त्याच्या पेपरात आपलं टाकणार आहे. आणि उन्हातान्हात पोडांवर फिरून माहिती आणणारी एम.ए.ची विद्यार्थिनी मात्र शेवटी आभारातही नसते.

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक होण्याच्या चार अटी घातल्या आहेत, आणि इतर विषयांतली अनेक जर्नलंही त्या धरून चालतात. संशोधनाची आखणी, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा तो कसून तपासण्यात हात हवा. छापायला जाणाऱ्या अंतिम मजकुराला मान्यता हवी. आणि उद्या कोणी प्रश्न विचारला तर उत्तर देण्याची तयारी हवी. चारही हव्यात, चारांपैकी एखादी असून भागत नाही. निधी मिळवून देणं, जागा देणं, नुसता विभाग सांभाळणं यासाठी आभाराचा परिच्छेद असतो. मार्गदर्शक बहुतेक वेळा या चार अटींत बसतात, पण तेही केलेल्या कामामुळे.

आपल्या भागात एक प्रश्न नेहमी येतो: कोलामी, गोंडी किंवा कोरकू बोलणारा जो तरुण तुमच्याबरोबर दुभाष्या म्हणून फिरला, त्याचं काय? त्याने फक्त भाषांतर केलं असेल तर त्याला विचारून आभारात नाव घ्या आणि मेहनताना द्या. पण "हा प्रश्न असा विचारू नका, आमच्यात याचा अर्थ वेगळा होतो" असं सांगून त्याने प्रश्नावलीच बदलायला लावली आणि उत्तरांचे अर्थ तुमच्याबरोबर बसून लावले असतील, तर तो सहलेखक होण्याच्या वाटेवर आहे. मसुदा त्याला वाचून दाखवा, त्याची दुरुस्ती घ्या, नाव घाला. त्याच्याकडे पदवी नाही ही अडचण होऊ शकत नाही.

वरिष्ठांना हे सांगायचं कसं? कामाच्या सुरुवातीलाच एका कागदावर कोण काय करणार ते लिहून सगळ्यांना द्या. बरीच जर्नलं आता प्रत्येक लेखकाने काय केलं ते विचारतात, त्यासाठी १४ भूमिकांची एक ठरलेली यादीच आहे. "सर, जर्नल प्रत्येकाचं काम विचारतंय, तुमच्या नावापुढे काय लिहू?" हा प्रश्न नम्र आहे, आणि उत्तर नसेल तर समोरच्याला आपोआप कळतं.

"दुसऱ्या लेखकाची जागा शिल्लक, इतके रुपये" असे मेसेज आले तर उत्तरही देऊ नका.

चौथी पायरी: लिहिताना

"दहा टक्क्यांपर्यंत चोरी चालते" हा समज पक्का बसला आहे आणि तो चुकीचा आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत साम्याचे स्तर केले आहेत. १० टक्क्यांपर्यंत किरकोळ साम्य मानून दंड नाही. त्यापुढे ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि ६० च्या वर अशा चढत्या शिक्षा आहेत. प्रबंधात ६० च्या वर साम्य निघालं तर नोंदणीच रद्द होते. छापलेल्या निबंधात १० च्या वर निघालं तर निबंध मागे घ्यावा लागतो, आणि ४० च्या वर निघालं तर शिवाय वेतनवाढ आणि नवे विद्यार्थी घेण्याचा अधिकार यांवर गदा येते. अवतरणचिन्हांत, संदर्भ देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. पण सॉफ्टवेअर शब्द मोजतं. दुसऱ्याची कल्पना तुमच्या शब्दांत लिहून संदर्भ दिला नाही, तर अहवाल २ टक्के दाखवील आणि ती चोरीच असेल.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल सॉफ्टवेअरला अगम्य अक्षरांची रांग दिसते आणि अहवाल जवळजवळ शून्य येतो. असा शून्य दाखवून समाधान मानू नका. मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग तपासा. तसंच इंग्रजी निबंधाचं मराठीत भाषांतर करून आपल्या नावावर छापलं तर मशीनच्या नजरेतून सुटेलही, पण विषयातला समीक्षक ओळखतो.

टक्केवारी उतरवण्यासाठी समानार्थी शब्द ठोकून देणाऱ्या वेबसाइट वापरू नका. अशा यंत्रांनी इंग्रजीत 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल' करून ठेवलं. असे विचित्र शब्द शोधूनच संशोधकांनी हजारो संशयास्पद निबंध उघडकीला आणले.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल थोडक्यात: प्रकाशन-नीतीचं काम पाहणाऱ्या 'कोप' या संस्थेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की एआय लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. वापरलं असेल तर कुठे आणि कशासाठी ते लिहा. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहा, कारण अस्तित्वात नसलेले निबंधही ते खऱ्यासारखे रचून देतं.

आणखी दोन गोष्टी. एका दिवसाच्या चर्चासत्राच्या विशेषांकात छापलेला निबंध तसाच जर्नलला पाठवायचा नसतो. त्यात नवं काम घाला आणि आधीच्या छपाईचा उल्लेख संपादकाला पत्रात करा. मराठीत छापलेलं इंग्रजीत आणायचं असेल तर आधीच्या संपादकाची परवानगी घ्या आणि नव्या निबंधात तसं नमूद करा. दुसरी गोष्ट हितसंबंधांची. गुलाबी बोंडअळीवरच्या प्रयोगाला बियाणं किंवा औषध कंपनीने फुकट दिलं असेल, किंवा ज्या स्वयंसेवी संस्थेत तुम्ही नोकरी करता तिच्याच प्रकल्पाचं मूल्यमापन करत असाल, तर ते छापील मजकुरात आलं पाहिजे. सांगितलेल्या हितसंबंधाने निबंध बाद होत नाही, पण लपवलेला उघड झाला की निबंधाबरोबर तुमचं नावही जातं.

पाचवी पायरी: जर्नल निवडताना

असा मेसेज तुम्हाला आला नसेल तर येईल: "आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय जर्नल. यूजीसी केअर मान्यताप्राप्त. इम्पॅक्ट फॅक्टर ८.१. तीन दिवसांत प्रकाशन. शुल्क १५०० रुपये, ई-प्रमाणपत्रासह. मराठी, हिंदी, इंग्रजी." खाली एक मोबाइल नंबर.

एकेक शब्द तपासू. यूजीसी केअर ही मान्य जर्नलांची यादी बंद करत असल्याचं यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि जर्नल निवडण्यासाठी निकष सुचवले. म्हणजे आता कोणी 'केअर मान्यता' विकत असेल तर तो बंद झालेल्या यादीचं नाव विकतो आहे. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या निबंधांचे इतरांनी किती संदर्भ दिले याचं माप) म्हणून जो आकडा जगभर ओळखतात तो क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. बाकीचे 'ग्लोबल', 'सायंटिफिक' वगैरे आकडे पैसे देऊन मिळतात. आयएसएसएन हा फक्त नियतकालिकाचा ओळखक्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. तीन दिवसांत दोन समीक्षक निबंध वाचून अभिप्राय देऊ शकत नाहीत. आणि जे जर्नल भूगोल, संस्कृत, पशुवैद्यक, वाणिज्य सगळं एकाच अंकात छापतं, त्याला समीक्षक कुठून मिळणार?

पराटीचं (कपाशीचं) बियाणं घेताना आपण पिशवीवरचं लेबल, लॉट नंबर आणि पक्की पावती पाहतो. जर्नलचंही तसंच पाहा. संपादक मंडळातली दोन-तीन नावं घ्या, त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जा आणि तिथल्या ईमेलवर विचारा की तुम्ही खरोखर या मंडळावर आहात का. कित्येकांना आपलं नाव वापरलं जातंय हेच ठाऊक नसतं. जर्नल म्हणतं आम्ही स्कोपसमध्ये (निवडक जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत) आहोत, तर स्कोपसच्या स्वतःच्या यादीत शोधा. चांगल्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन चोरून हुबेहूब बनावट संकेतस्थळं काढतात, म्हणून मेसेजमधल्या लिंकवरून न जाता स्कोपस किंवा आयएसएसएनच्या पोर्टलवरून मूळ संकेतस्थळ गाठा. जुने अंक उघडून दोन निबंध पूर्ण वाचा. वाचताना लाज वाटली तर तिथे आपलं नाव नको.

मोफत वाचता येणाऱ्या जर्नलांची 'डीओएजे' ही निर्देशिका २००३ पासून आहे, आणि तिच्यात लेखकाकडून शुल्क न घेणारी जर्नलं वेगळी गाळून पाहता येतात. नव्या संशोधकाने शोध तिथून सुरू करावा असं माझं मत आहे. शुल्क घेणं हा स्वतः गैरप्रकार नाही. काही उत्तम जर्नलंही घेतात, पण ती रक्कम आधीच जाहीर करतात आणि ती पैसे घेऊन निर्णय देत नाहीत. कोणतीही यादी डोळे मिटून मानू मात्र नका. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाच्या एका पत्रकाराने ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट निबंध ३०४ जर्नलांना पाठवला, तर १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. त्यांतली काही तेव्हा डीओएजेच्या निर्देशिकेतही होती. त्यानंतर डीओएजेने निकष कडक केले.

"आपल्या खेड्यातला पेपर कोण मोठं जर्नल घेणार?" या न्यूनगंडावर हा सगळा धंदा चालतो. गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बाळांची घरी देखभाल करण्यावरचं डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचं संशोधन १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये छापलं गेलं. काम ३९ गावांत झालं आणि ४७ गावं तुलनेसाठी होती. जगाला ते पटलं, कारण आकडे गावागावांत वर्षानुवर्षं मोजलेले होते.

सहावी पायरी: पाठवल्यावर

एका वेळी एकाच जर्नलला पाठवा. दुसरीकडे पाठवायचं असेल तर आधी पहिल्याकडून लेखी मागे घ्या. उत्तराला काही महिने लागतात. समीक्षकाचा कडक अभिप्राय आला की मन खट्टू होतं, पण प्रत्येक मुद्द्याला क्रमाने उत्तर द्या. पटला तर बदल कुठे केला ते लिहा, पटला नाही तर कारण लिहा. समीक्षक सुचवायला सांगितले तर ओळखीच्याचं नाव आणि खोटा ईमेल देऊ नका. २०१४ मध्ये सेज या प्रकाशकाने अशाच बनावट समीक्षकांच्या जाळ्यामुळे एका जर्नलमधले ६० निबंध एकदम मागे घेतले.

निबंध चुकून बनावट जर्नलकडे गेलाय असं लक्षात आलं तर पैसे भरू नका, हक्कपत्रावर (कॉपीराइट सोपवण्याच्या कागदावर) सही करू नका. मागे घेत असल्याचा ईमेल ताबडतोब करा आणि जपून ठेवा. "मागे घ्यायचे पैसे लागतील" अशी धमकी येते, तिला भीक घालू नका. छापूनच टाकला असेल तर पुढच्या जर्नलच्या संपादकाला सगळी हकीकत आधीच कळवा आणि तो म्हणेल तसं करा.

सातवी पायरी: छापून आल्यावर

ज्या गावाने माहिती दिली तिथे दोन पानांचा मराठी सारांश पोहोचवा, आणि शक्य असेल तर ग्रामसभेत वाचून दाखवा. लोक चुका सांगतात, आणि त्या खऱ्या असतात.

तुम्ही ज्यांचे संदर्भ दिले त्यांतला एखादा निबंध पुढे मागे घेतला गेला का, हे अधूनमधून पाहा. 'झोटेरो' हे मोफत सॉफ्टवेअर अशा निबंधावर खूण करून दाखवतं, आणि मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणारा 'रिट्रॅक्शन वॉच'चा संग्रह सगळ्यांना खुला आहे.

तुमच्या स्वतःच्या निबंधात चूक सापडली तर संपादकाला लगेच लिहा: कोणत्या तक्त्यात, कोणत्या ओळीत, काय छापलं, काय हवं होतं आणि निष्कर्षावर काय परिणाम होतो. आकडा चुकला असेल तर दुरुस्तीपत्र छापतात. निष्कर्षच ढासळत असेल तर निबंध मागे घेतात. प्रामाणिक चुकीमुळे मागे घेतलेल्या निबंधाच्या सूचनेत कारण स्पष्ट लिहायचा आग्रह धरा, म्हणजे ती फसवणूक समजली जाणार नाही. ईमेलमध्ये सगळ्या सहलेखकांना प्रत द्या. उत्तर आलं नाही तर महिनाभराने पुन्हा लिहा, मग जर्नलच्या तक्रार-प्रक्रियेने जा. तिथेही दाद लागली नाही आणि जर्नल कोपचं सदस्य असेल, तर आधीचा सगळा पत्रव्यवहार जोडून कोपकडे लिहिता येतं.